साडेआठची नोंद

सकाळी साडेआठ वाजता देशभर एक काम एकाच वेळी चाललेलं असतं. तहसील कचेरीच्या आवारात, धरणाच्या वसाहतीत, कृषी विद्यापीठाच्या शेतात, विमानतळाच्या कडेला कुणीतरी पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलतं, आत साठलेलं पाणी काचेच्या मापात ओततं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचतं आणि वहीत लिहितं. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहितं. हे शून्य लिहावंच लागतं. जागा कोरी राहिली तर त्या दिवशी पाऊस पडला नव्हता, की मोजणारा रजेवर होता, हे पन्नास वर्षांनी कुणालाही सांगता येत नाही.

साडेआठच का, तर जगभरची हवामान केंद्रं एकाच घड्याळावर चालतात. ग्रीनिचच्या प्रमाणवेळेनुसार तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. त्यामुळे ‘कालचा पाऊस’ म्हणून आपण पेपरात जो आकडा वाचतो तो काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून किती उंच असावं, शेजारचं झाड किंवा भिंत किती लांब असावी, याचे नियम ठरलेले आहेत. भिंत जवळ आली की वारा अडतो, थेंब तिरके जातात आणि आकडा बिघडतो.

काम कंटाळवाणं आहे, पण त्यावर पैसा अडकलेला असतो. महाराष्ट्रात पिकांच्या नुकसानभरपाईचा विषय निघाला की महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला का, हा प्रश्न येतोच. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. या हिशेबाने एकरभर रानात ६५ मिलिमीटर म्हणजे अडीच लाख लिटरांहून जास्त पाणी झालं. मंडळातल्या एका गावात यंत्र असतं आणि पाऊस ओढ्यापलीकडच्या गावात पडतो. यंत्रात ४० मिलिमीटर, पलीकडे सोयाबीन पाण्याखाली. महावेध प्रकल्पातून राज्यात मंडळागणिक दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, तरी शेतकऱ्यांची ही तक्रार संपलेली नाही, आणि ती रास्त आहे.

पाऊस किती तुटक पडतो याचा धडा २६ जुलै २००५ ला मिळाला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेने मोजला ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांचे हे आकडे. समजा त्या काळी मुंबईत फक्त कुलाब्याचंच केंद्र असतं, तर शहर बुडालेलं असताना नोंदवहीत मात्र जुलैमधला एक बऱ्यापैकी पावसाचा दिवस एवढंच राहिलं असतं.

इथे एक फरक करायला हवा. वाचन वेगळं आणि नोंद वेगळी. वाचन चुकू शकतं. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सियस तापमान दाखवलं आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. लगेच काही जणांनी निष्कर्ष काढला की मग तापमानवाढीचे सगळेच आकडे असेच असणार. हा तर्क उलटा आहे. हवामानाची दीर्घकालीन नोंद एका तापमापीच्या खरेपणावर उभी नसते. वाण्याचा तराजू छटाकभर चुकत असला तरी त्याच तराजूवर दर महिन्याला तोलून घेतलं, तर पोर वाढतंय की वाळतंय ते अचूक कळतं. घात होतो तो तराजू मधेच बदलला आणि कुणाला सांगितलं नाही तर. हवामानशास्त्रातलं निम्मं काम तराजू कधी बदलला, कुणी बदलला आणि त्यामुळे किती फरक पडला हे शोधण्याचं आहे. ते काम करणाऱ्यांची नावं बक्षिसांच्या यादीत क्वचितच येतात.

पुण्यात शिवाजीनगरला एक चौक आहे, त्याला लोक सिमला ऑफिस चौक म्हणतात. रिक्षावाल्याला वेधशाळा सांगितलं तर तो एखादवेळी विचारात पडेल, सिमला ऑफिस म्हटलं की थेट नेऊन सोडतो. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये इथे हलवलं गेलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र पुण्यालाच चिकटलं. हे खातं १८७५ मध्ये स्थापन झालं ते हौसेने नव्हे. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला होता, पुढच्या काही वर्षांत पावसाने दगा दिल्याने दुष्काळ पडले होते. पहिले अधिकारी हेन्री ब्लॅनफोर्ड यांना १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने विचारलं, पावसाचं आधी सांगता येईल का? हिमालयात बर्फ जास्त साठला की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. त्या आधारावर त्यांनी १८८० च्या दशकात पावसाळ्याचे अंदाज द्यायला सुरुवात केली. सगळ्या जगात हंगामी अंदाजाची ही जवळपास पहिलीच खटपट.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते हवामानतज्ज्ञ नव्हतेच; केंब्रिजचे गणिती, आणि बूमरँगच्या उड्डाणावर अभ्यास केलेले. (रामानुजन मद्रासच्या बंदर कचेरीत कारकून असताना विद्यापीठाने या तरुणाला शिष्यवृत्ती द्यावी असं १९१३ मध्ये लिहून कळवणारे वॉकर हेच.) सूत्र सापडत नसेल तर आकड्यांनाच विचारू, असं त्यांनी ठरवलं. जगभरच्या केंद्रांचे हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे मागवले आणि भारतीय कारकुनांच्या हातून एकाचा दुसऱ्याशी काय संबंध लागतो याची गणितं वर्षानुवर्षं करून घेतली. यंत्र नव्हतं, कागद, टाक आणि पाढे होते. त्यातून निघालं ते अजब होतं. प्रशांत महासागरावर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही. हजारो कोसांवरची दोन पारडी वर-खाली होतात. याला त्यांनी १९२० च्या दशकात ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. कारण त्यांना सांगता आलं नाही, त्यामुळे बरीच वर्षं टीकाही झाली. १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी एल निनोचा, म्हणजे पेरूच्या किनाऱ्याबाहेर प्रशांत महासागर तापण्याचा, या दाबाच्या झोक्याशी सांधा जुळवला आणि त्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकरचंच नाव दिलं. आज मराठवाड्यातला शेतकरी एप्रिलमध्येच ‘यंदा एल निनो आहे का’ असं विचारतो, त्या प्रश्नाचं मूळ सिमल्याच्या कारकुनांच्या बेरजांत आहे. त्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

आता मान्सूनच्या यंत्रणेकडे वळू. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा. हवा वर जाते, समुद्रावरून वारा येतो. मान्सून म्हणजे याचाच अवाढव्य अवतार, असं गुरुजींनी सांगितलं. एडमंड हॅलीने १६८६ मध्ये वाऱ्यांचा नकाशा छापला तेव्हापासून हे स्पष्टीकरण चालत आलं आहे. ते सोपं आहे, पण अपुरं आहे. जमीन सर्वांत जास्त तापते मेमध्ये, पाऊस जोर धरतो जुलैमध्ये. आणि ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी जमीन आणखी तापते. मग वारा आणखी जोरात यायला हवा होता! ही विसंगती ठामपणे पुढे मांडणाऱ्यांत पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ होत्या. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर १९८० मध्ये त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून ढगांचा मुख्य पट्टा दिवसागणिक कुठे असतो ते मोजलं. विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा असतो, दोन्ही गोलार्धांचे वारे तिथे भेटतात. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा तो पट्टा आपल्या बाजूला हिंदी महासागरावरून उचलला जाऊन भारतावर येऊन बसतो. पावसाळ्यात तो महिन्या-दीड महिन्याच्या लयीने पुन्हापुन्हा समुद्रावर उमटतो आणि उत्तरेकडे चढत येतो. आपण ज्याला पावसाची उघडीप म्हणतो ती बहुतेकदा या चढाईतली विश्रांती असते. दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याशी वळून सोमालियाजवळ झोताचं रूप घेतो, अरबी समुद्राचं बाष्प पिऊन सह्याद्रीवर आदळतो. हा झोत जमिनीपासून दीड किलोमीटरच्या आतच असतो, आणि त्याचा नीट अभ्यास १९६० च्या दशकात झाला. कोकणातला पाऊस म्हणजे दक्षिण हिंदी महासागरातून आलेला पाहुणा.

हे सगळं चालतं सूर्याच्या इंधनावर. पृथ्वीच्या दर चौरस मीटरला, दिवस-रात्र आणि ध्रुव-विषुववृत्त यांची सरासरी काढली तर, साधारण ३४० वॉट ऊर्जा मिळते. त्यातली सुमारे ३० टक्के ढग, बर्फ, वाळू परत पाठवतात. उरलेली २४० वॉट पृथ्वी शोषते आणि अदृश्य उष्णतेच्या रूपाने अवकाशात सोडते. हवेत बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड नसते तर पृष्ठभागाचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. हे वायू उष्णता अडवतात ही गोष्ट अलीकडच्या चळवळीतली नव्हे. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिलं, तीन वर्षांनी जॉन टिंडलने प्रयोगशाळेत मोजलं, आणि १८९६ मध्ये अऱ्हेनियसने हिशेब मांडला.

कार्बन वाढला की जावक अडते. सध्या आवक जावकेपेक्षा चौरस मीटरमागे एका वॉटच्या आसपास जास्त आहे. वॉट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण पृथ्वीच्या सगळ्या पृष्ठभागाने गुणा: माणूस वीज, डिझेल, कोळसा सगळं मिळून जेवढी ऊर्जा वापरतो त्याच्या वीस-पंचवीस पट होते. ही जादा उष्णता जाते कुठे? ९० टक्के समुद्रात. समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यात मावते तेवढीच उष्णता अख्ख्या वातावरणात मावते. त्यामुळे ‘पृथ्वी तापली का’ हा प्रश्न मुळात समुद्राला विचारायचा आहे, आणि समुद्र मोजणं सगळ्यांत अवघड.

जुन्या जहाजांवर खलाशी कॅनव्हासच्या, म्हणजे जाड कापडाच्या, बादलीने पाणी वर ओढत आणि त्यात तापमापी बुडवत. बादली डेकवर येईतो वाऱ्याने पाणी थोडं गार होई. पुढे इंजिनाला घेतलेल्या पाण्याचं तापमान घेऊ लागले, ते इंजिनखोलीच्या उबेने थोडं जास्त येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोणत्या देशाची जहाजं जास्त फिरली यावर अख्ख्या महासागराची सरासरी खालीवर झाली! ते फरक शोधून काढायला अनेकांची अनेक वर्षं गेली. ‘शास्त्रज्ञ जुने आकडे बदलतात’ असा आरोप होतो तो याच कामावर. आरोप करणाऱ्यांना सांगायला हवं की समुद्राच्या या दुरुस्त्यांमुळे जगाची एकूण तापमानवाढ जास्त दिसण्याऐवजी थोडी कमी दिसते.

हिंदी महासागर तर फार काळ दुर्लक्षितच होता. १९६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात बऱ्याच देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली, आणि तिच्या पोटी १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. गोव्यात दोना पावलाच्या टेकडीवर ती आहे. पण मोहीम संपली की जहाज बंदराला लागतं आणि समुद्र पुन्हा मुका होतो. खरा बदल झाला तो २००० च्या आगेमागे, आर्गो आल्यावर. आर्गो म्हणजे माणसाच्या उंचीची तरंगती नळकांडी. एक हजार मीटर खोल जाऊन ती नऊ-दहा दिवस प्रवाहाबरोबर वाहते, मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते आणि वर येताना तापमान व क्षार मोजत येते. पृष्ठभागावर आली की उपग्रहाला आकडे देऊन पुन्हा खाली. बॅटरी संपेपर्यंत चार-पाच वर्षं हाच दिनक्रम. जगात अशी सुमारे चार हजार आहेत. भारताची हैदराबादची समुद्र माहिती सेवा संस्था, इनकॉइस, आपल्याकडची सोडते. आकडे दिवसाभरात सगळ्यांना फुकट मिळतात, कुठल्याही देशाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला.

गंमत अशी की अवकाशातून पृथ्वीची आवक-जावक मोजणारे उपग्रह आहेत, पण त्यांना दोन्हींतला तो एक वॉटचा फरक स्वतःच्या बळावर ठरवता येत नाही. त्यांची अचूकता तेवढी नाही. यंदा गेल्या वर्षीपेक्षा फरक किती वाढला हे ते छान सांगतात. शून्य कुठे धरायचं ते मात्र समुद्रात बुड्या मारणाऱ्या नळकांड्यांना विचारावं लागतं. आठशे किलोमीटर उंचीवरच्या अत्याधुनिक यंत्राची गाठ शेवटी पाण्यातल्या तापमापीशी मारलेली आहे.

आर्गो वाहत जाते. एकाच जागी उभं राहून मोजायला नांगरलेले बोये लागतात. हिंदी महासागरात भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया अशा देशांनी २००४ पासून ‘रामा’ नावाचं जाळं उभं केलं. वरती वारा, ऊन, पाऊस मोजणारी यंत्रं, खाली पाचशे मीटरपर्यंत लोंबणारे संवेदक. अशा बोयाखाली मासळी जमते, त्यामुळे मासेमारी बोटी त्याला दोर बांधतात. सौरपट्ट्या आणि यंत्रं चोरीलाही जातात. बोया वर्षाला एकदा तरी जहाज नेऊन बदलावा लागतो. करोनाच्या काळात जहाजं निघाली नाहीत आणि एकेक बोया गप्प होत गेला. हा खंड आता कधीच भरून येणार नाही. कालचं समुद्राचं तापमान उद्या मोजता येत नाही.

तरी समुद्राच्या मोजणीने काय दिलं ते पाहण्यासारखं आहे. १९९७ मध्ये शतकातल्या मोठ्या एल निनोंपैकी एक आला. सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतली आणि पाऊस सरासरीहून किंचित जास्तच पडला. का, याचं एक उत्तर १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. साजी, बी. एन. गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दाखवलं की हिंदी महासागराचा स्वतःचाही झोका आहे: कधी आफ्रिकेकडची बाजू तापते आणि सुमात्राकडची गार पडते, कधी उलट. पश्चिम तापली की भारताला सहसा फायदा. गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, आयआयटीएमचे, संचालक झाले. २०१९ मध्ये हाच झोका जोरात होता. त्या जूनमध्ये देशात पाऊस ३३ टक्के कमी पडला होता, लोकांनी आशा सोडली होती, आणि हंगाम संपला तो सरासरीच्या ११० टक्क्यांवर. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं ते त्याच वर्षी.

हवेचं मोजमाप समुद्रापेक्षा सोपं, पण चिकाटी तितकीच. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या आसपास आहे. कारखाने येण्याआधी तो सुमारे २८० होता. कीलिंगच्या आलेखात १९६४ च्या वसंतात एक फट आहे. ज्वालामुखी नव्हे, पैसे संपले होते. ‘वाढतोय हे कळलं, आता रोज कशाला मोजायचं’ असा सरकारी सूर तेव्हाही होता. (नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्वालामुखीने काम बंद पाडलं, तेव्हा शेजारच्या मौना केआवर यंत्र मांडून मापन चालू ठेवलं गेलं.)

आपल्याकडे दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यातल्या काब द राम किल्ल्याच्या भूशिरावर १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगशाळेत पाठवली जाई. जागा फार विचाराने निवडलेली. पावसाळ्यात तिथे येणारी हवा दक्षिण गोलार्धातल्या समुद्रावरची, जवळपास निर्मळ. हिवाळ्यात वारा फिरला की भारतभरच्या चुली, गिरण्या, पेटवलेलं पाचट यांची खूण घेऊन येणारी. एकाच टोकावर उभं राहून दोन गोलार्ध हुंगता येतात, असं ठिकाण जगात विरळा. हा सिलसिला २००२ मध्ये थांबला, नंतर काही वर्षांनी पुन्हा सुरू झाला, पण मधली वर्षं गेली ती गेली. आयआयटीएमने २००९ पासून सिंहगडावर अशीच हवा गोळा करायला सुरुवात केली. झुणका-भाकर खायला गडावर जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक असेल? महाबळेश्वरला याच संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग खुद्द जमिनीवर उतरतो, विमान लागत नाही. खिडकीबाहेर यंत्र धरलं की ढगाचे थेंब मोजता येतात.

तराजू बदलावा कसा, याचा उत्तम नमुना मुंबईनेच घालून दिला आहे, हवामानाच्या नाही तर चुंबकत्वाच्या बाबतीत. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. विसाव्या शतकाच्या तोंडाला मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं आणि विजेच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापनं बिघडणार हे उघड झालं. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा बांधून घेतली. दगडही चुंबकीय गुण नसलेला, पोरबंदरहून आणलेला. आणि १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मापनं केली, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे कसे जोडायचे ते कळावं. म्हणून ती नोंद आजही एकसंध आहे. १९९२ पासून समुद्राची पातळी मोजणारे उपग्रहही हेच करतात: नवा उपग्रह जुन्याच्या मागोमाग, मिनिटभराच्या अंतराने, त्याच वाटेवर काही महिने उडतो आणि दोघांचे आकडे ताडून पाहिल्यावरच जुना बाजूला होतो. आपल्याकडे हे दरवेळी जमलं नाही. समुद्रावरचा वारा मोजणारं ओशनसॅट-२ वरचं यंत्र फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडलं, आणि त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-१ उडाला सप्टेंबर २०१६ मध्ये. नवं यंत्र सोडताना टाळ्या वाजतात. जुन्याला वेळेत जोडीदार मिळाला का, हे कुणी विचारत नाही.

नोंदवह्या सुरू होण्याआधीचं काय? त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आहे. उल्कापाताने झालेल्या या विवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. पाऊस आला की तळं चढतं, नाही आला की आटतं आणि खारटतं. तळाच्या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा गाभा काढून अभ्यासला तेव्हा त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले, जे पाणी आटून फार खारट झाल्यावरच बनतात. त्या थरांचं वय काढलं तर ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ कोरड्या काळाची खूण मिळाली. शतकानुशतकं टिकणारी अवर्षणं मध्य भारताने याआधी पाहिली आहेत. यावरून ‘हवामान नेहमीच बदलतं, मग काळजी कशाला’ असं म्हणणारे भेटतात. मला नेमकं उलट वाटतं: धक्का बसला तर ही यंत्रणा किती लांब झुकू शकते, ते लोणार सांगतं.

अंदाजाची गोष्ट थोडक्यात. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सोळा घटकांचं सूत्र बसवलं. ते घरोघर पोचलं. मराठी माणसाला त्याचा अभिमान होता. सलग चौदा वर्षं अंदाज ढोबळमानाने बरोबर आला. पण त्या चौदाही वर्षांत देशव्यापी दुष्काळ पडलाच नव्हता. सूत्राची कसोटी अशी लागलीच नव्हती. २००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्के, जुलैत सुमारे निम्माच पाऊस पडला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर आटोपला. जुन्या संबंधांवर बसवलेलं सूत्र ते संबंध बदलल्यावर मुकं होतं. आता पुण्यात पाषाणला आयआयटीएमच्या महासंगणकांवर समुद्र, हवा, जमीन, बर्फ यांची समीकरणं एकत्र सोडवली जातात. या संस्थेच्या प्रारूपाचे निकाल हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय अहवालात वापरल्या जाणाऱ्या प्रारूपांच्या मेळ्यात सामील झाले, भारताचं असं पहिलंच. तरी समीकरणांना सुरुवात कुठून करायची ते त्या दिवशीच्या मापनांनीच ठरतं.

इतक्या सगळ्या मोजणीतून आपल्या भागाबद्दल काय निघालं? केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात ते एकत्र मिळतं. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये उष्णकटिबंधातला हिंदी महासागर सुमारे एक अंशाने तापला, जगाच्या समुद्राच्या सरासरीहून जास्त. त्याच काळात पावसाळ्याचा एकूण पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि मध्य भारतात एका दिवसात प्रचंड कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग वाढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ मध्ये वर्षाला ३.३ मिलिमीटरने चढली; मुंबईत अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे म्हणूनच हा वेग आधीपेक्षा जास्त आहे हे सांगता येतं. हवा एक अंशाने तापली की सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कोसळतो तेव्हा जास्त कोसळतो हे समजतं. एकूण पाऊस का घटला? त्यात आपल्याच धुराचा हात आहे: काजळी आणि गंधकाचे कण ऊन अडवतात, जमिनीची तापण्याची गती मंदावते, मान्सून ढिला पडतो. म्हणजे उद्या हवा स्वच्छ झाली की झाकलेली तापमानवाढ उघडी पडणार. या बाबतीत सरळ दिलासा देणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा त्याला काही विकायचं आहे.

एवढं वाचल्यावर वाचकाने करण्यासारखं एक काम आहे. महाराष्ट्रात जुन्या पाऊसनोंदी फक्त हवामान खात्याकडे नाहीत. साखर कारखान्यांच्या शेतकी कार्यालयांत, पाटबंधारे खात्याच्या उपविभागांत, मिशनच्या शाळांत, देवस्थानांच्या आणि जुन्या वाड्यांच्या कपाटांत पावसाच्या वह्या पडून असू शकतात. कचेरी नव्या इमारतीत हलली की त्या रद्दीत जातात. तुमच्या ओळखीच्या ठिकाणी अशी वही असेल तर ती जाऊ देऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा, पुण्याच्या हवामान खात्याच्या नॅशनल डेटा सेंटरला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला दाखवा. आणि पर्जन्यमापक नेमका कुठे ठेवला होता, तो कधी हलवला, हे ज्या म्हाताऱ्या शिपायाला किंवा मुकादमाला आठवत असेल, त्याच्याकडून आत्ताच पहिल्या पानावर लिहून घ्या.